प्लेगचे बंगळूर आणि मुखपट्टीचे दिवस

मल्लेश्वरम् आणि बसवनगुडी ही उपनगरे आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाची आहेत. तेथील सरळ रुंद रस्ते आणि घरांमागून जाणारे सफाईचे बोळ पाहताना, ही वस्ती एका महामारीच्या छायेत वाढली याचे भान सहसा राहत नाही. सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी हा विषय काहींना अप्रस्तुत वाटेल; परंतु २०२० सालचे दिवस आपण सर्वांनी सोसले असल्यामुळे तो मांडण्याचे धाडस आम्ही करीत आहोत.

१८९६ साली मुंबईत प्रकटलेला गाठीचा प्लेग पुण्यास पोहोचला आणि ऑगस्ट १८९८ मध्ये बंगळुरात शिरला. दाट वस्तीच्या जुन्या पेठेत त्याने हाहाकार उडविला. लोक घरे सोडून मोकळ्या माळावर झोपड्या बांधून राहिले. प्लेग-मारियम्माची देवळे त्या भयाची साक्ष आजही देतात. नव्या उपनगरांची आखणी आधीच झाली होती. साथीने तेथील वस्तीस वेग दिला. पुढे १९०६ च्या सुमारास छावणी भागात फ्रेझर टाउन वसले, ते तर उंदरांना थारा मिळू नये या हेतूनेच.

त्या काळी जंतुनाशकांनी घरे धुतली जात, कपडे आणि अंथरुणे जाळली जात. तरीही साथ हटेना, कारण रोगाची खरी वाट ठाऊक नव्हती. उंदरांवरील पिसवांतून तो माणसाकडे येतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ सालीच कराचीत दाखविले; पण विद्वानांना ते पटण्यास काही वर्षे गेली. उंदीर पडू लागले की घर सोडावे, हा लोकांचा साधा शिरस्ता मात्र त्याआधीच अचूक ठरला होता.

उलटपक्षी, १९१०-११ साली मांचुरियात फुप्फुसांचा प्लेग आला, तेव्हा तो श्वासावाटे पसरतो असे डॉ. वू लिएन-तेह यांनी ओळखले आणि कापूस व जाळीदार कापडाची मुखपट्टी वापरात आणली. ती न बांधता रुग्ण तपासणारे फ्रेंच डॉक्टर मेनी अल्पावधीतच त्या रोगाला बळी पडले. तात्पर्य, वस्त्राचे रक्षण रोगाच्या वाटेवर अवलंबून असते.

२०२० साली आपणही प्रथम भाज्या आणि पिशव्या धुण्यातच रात्री घालविल्या. रोग मुख्यतः हवेतून येतो, हे मागाहून उमगले. मग जुन्या सुती साड्यांच्या मुखपट्ट्या घरोघर शिवल्या गेल्या. बाहेरून आल्यावर पाय धुऊन घरात येण्याची आजीची शिस्त पुन्हा उंबरठ्याशी आली. मात्र त्याच सोवळ्याने माणसाला माणसापासून तोडण्याचे पातकही पूर्वी केले आहे, याचा विसर पडू नये.

पुण्यात १८९७ साली प्लेगचा बंदोबस्त गोऱ्या सोजिरांकरवी जुलमाने झाला. घरांच्या झडत्यांनी लोक इतके बिथरले की ते रोगीच लपवू लागले. त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या एका आजारी मुलास स्वतः उचलून, पुत्र डॉ. यशवंत यांच्या हडपसरनजीकच्या दवाखान्यात नेले आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला. यशवंतरावही १९०५ साली प्लेगनेच गेले. साथीत माणसाला दूर ठेवावे लागते खरे; पण त्याला परके मानू नये, हा धडा या माता-पुत्रांनी दिला.

टाळेबंदीत आपल्यापैकी कित्येकांना गावी आईवडिलांच्या अंत्यदर्शनासही जाता आले नाही. ते शल्य आम्ही विसरू शकत नाही. पण त्याच दिवसांत शेजारच्या कन्नड घरातून दारापाशी डबा ठेवून कोणी मुकाट्याने मागे सरले, हेही आम्ही विसरणार नाही. मुखपट्टी आता कपाटात गेली आहे. ती आपल्यापेक्षा समोरच्यासाठी बांधावयाची असते, एवढी समज मात्र पुढच्या पिढीच्या हाती द्यावी, हीच या महोत्सवप्रसंगी आमची विनंती.