मोठी बाटली आणि मोठी पंगत

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत गायकवाडी अमदानीच्या गोष्टी निघाल्या की लक्ष्मीविलास राजवाड्यातील विलायती मेजवान्यांचा विषय हटकून येतो. सांगणाऱ्यांचे दोन वर्ग पडतात. एक वर्ग शँपेनच्या बाटल्यांचे वर्णन अभिमानाने करतो. दुसरा आवाज खाली आणून, घरातले एखादे व्यंग सांगावे तसे. आमच्या मते दोघेही एका गोष्टीस मुकतात. मोठी बाटली ही चैनीची वस्तू खरीच. पण तिच्यामागे कारागिरीचा, आतिथ्याचा आणि आपल्या मूळ मुलखाचाही इतिहास आहे. तो जाणला म्हणजे ती निवडावी कशी व वाढावी कशी, याचे उत्तरही त्यातच सापडते.

शँपेन हा फ्रान्सच्या ईशान्येकडील प्रांत. तेथील फेसाळ वाइनलाच ते नाव शोभते. तयार वाइनमध्ये थोडी साखर व यीस्ट घालून बाटली बंद केली की आतल्या आत ती पुन्हा आंबते. वायूला वाट न मिळाल्याने तो वाइनमध्येच विरघळतो आणि बाटलीतला दाब पाच-सहा वातावरणांइतका, म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेच्या दुपटीहून अधिक होतो. कच्च्या काचेला हा दाब पेलत नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये कोळशाच्या भट्टीत मजबूत काच होऊ लागली, आणि 1662 मध्ये क्रिस्टोफर मेरेट यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे साखरेने वाइन फेसाळ करण्याची रीत मांडली. डॉम पेरिन्यों या ख्रिस्ती साधूने शँपेनचा शोध लावला, ही लोकप्रिय कथा इतिहासाला धरून नाही. ते बुडबुडे टाळण्याच्याच खटपटीत होते.

आंबवणीनंतर उरणारा गाळ काढणे हा दुसरा प्रश्न. तो सुटला रीम्स नगरात, विधवा क्लिको यांच्या तळघरात, 1816 च्या सुमारास. भोके पाडलेल्या फळीत बाटल्या तोंड खाली करून लावायच्या, रोज थोड्या फिरवायच्या आणि गाळ बुचापाशी उतरवून घ्यायचा. या कामात तळघराचे प्रमुख आंत्वान म्युलर यांचा मोठा वाटा होता. बाटलीवर नाव राहिले ते मालकिणीचे. ज्यांच्या हातांनी बाटल्या फिरवल्या, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

नेहमीची बाटली 750 मिलिलिटरची. तिच्या दुप्पट, दीड लिटरची ती मॅग्नम. तीन लिटरची जेरोबोम. सहा लिटरची मेथुसेलाह. पंधरा लिटरची नेबुकदनेझर. ही थोरली नावे बायबलातील राजे व कुलपुरुष यांच्यावरून आली आहेत. मात्र नाव जितके भारदस्त तितकी वाइन सरस, असे नाही. मॅग्नममध्ये वाइन दुप्पट असूनही बुचाखालची हवा साध्या बाटलीइतकीच असते. म्हणून ती सावकाश मुरते व अधिक टिकते. याउलट जेरोबोमहून मोठ्या बाटल्या बहुधा लहान बाटल्यांतील वाइन ओतून भरतात. तेव्हा गुणासाठी मॅग्नम आणि देखाव्यासाठी त्याहून मोठी, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

हे पेय आपल्या नगरीत आले ते राजशिष्टाचाराच्या वाटेने. सयाजीराव महाराज 1887 मध्ये प्रथम युरोपास गेले; 1890 मध्ये लक्ष्मीविलास राजवाडा पूर्ण झाला. नोव्हेंबर 1909 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मिंटो बडोद्यास आले. अशा भेटींत राजभोजनाच्या अखेरीस बादशहाच्या व पाहुण्याच्या नावाने प्याला उंचावण्याची ब्रिटिश रीत होती, आणि तो प्याला बहुधा शँपेनचा असे. संस्थानिकाच्या दृष्टीने ती केवळ हौस नव्हती. कोणाच्या नावाने, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या शब्दांत प्याला उंचावला, यावरून निष्ठेची मापे काढली जात. रेसिडेंटची नजर सदैव ज्याच्यावर असे, त्या राजाला यजमानपण सुद्धा राजकारणच होते.

येथे एक योगायोग सांगावासा वाटतो. गायकवाड घराण्याचे मूळ गाव दावडी, पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यात. सयाजीराव जन्मले नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथे, 1863 मध्ये. 1875 मध्ये दत्तक येऊन ते गादीवर बसले. आता पुढील नोंद पाहा. त्याच पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात, नारायणगाव येथे, शामराव चौगुले यांनी 1980 च्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण्याच्या पद्धतीने फेसाळ वाइन तयार केली. परदेशात ती ‘ओमर खय्याम’ या नावाने गेली. देशात ‘मार्की द पोंपादूर’ नावाने विकली गेली. पुढे ती कंपनी कर्जाच्या भाराखाली बंद पडली, पण वाट पडली होती. नाशिकच्या ‘सुला’ने त्या वाटेवर आपली फेसाळ वाइन आणली, आणि 2013 मध्ये नाशिक जिल्ह्यातीलच दिंडोरीतून फ्रेंच घराण्याची ‘शँदों’ बाजारात आली. ज्या दोन जिल्ह्यांतून आपले राजघराणे व आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज गुजरातेत आले, तेच जिल्हे या वाइनचे भारतीय माहेर ठरले. समुद्रापलीकडून मागवावी लागणारी बाटली आपल्याच जुन्या गावांच्या शिवारात पिकू लागली.

मात्र तोवर बडोद्याचे दार तिला बंद झाले होते. 1 मे 1949 रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याच वर्षी मुंबईचा दारूबंदी कायदा आला. 1960 मध्ये राज्ये वेगळी झाली. तोच कायदा दोन्हींकडे वारशाने गेला. महाराष्ट्राने परवान्यांची वाट रुंद केली, गुजरातने गांधीजींच्या भूमीचे व्रत म्हणून तो कडक ठेवला. आम्हास वाटते, येथे पिढ्यान्पिढ्या राहिलेल्यांनी हे व्रत आडवाटेने मोडण्यात भूषण नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे पाहिलेल्यांना त्यामागचा हेतू समजावून सांगावा लागत नाही. परंतु पुण्याला, नाशिकला वा परदेशी असलेल्या लेकी-नातवंडांच्या मंगलकार्यात घरातील वडीलधाऱ्यांपुढे मोठी बाटली येते, तेव्हा अज्ञानाने संकोचण्याचेही कारण नाही.

निवड करताना आधी माणसे मोजावीत. साध्या बाटलीत 125 मिलिलिटरचे सहा प्याले होतात, मॅग्नममध्ये बारा. लेबलावर ‘ब्रूट’ असेल तर साखर लिटरला 12 ग्रॅमहून कमी. ‘एक्स्ट्रा ड्राय’ ही नावाप्रमाणे कोरडी नसून ब्रूटहून किंचित गोड. ‘दमी-सेक’ बरीच गोड, म्हणून श्रीखंड-बासुंदीच्या पानाला तीच साजेशी. वर्ष छापलेली शँपेन निदान तीन वर्षे मुरवलेली असते, म्हणून महाग. पण मोठ्या मेळाव्यास वर्ष न छापलेली उत्तम मॅग्नम पुरेशी आहे.

वाढण्याचे शास्त्र धीराचे आहे. अर्धे पाणी व अर्धा बर्फ घातलेल्या बादलीत मॅग्नम सुमारे तासभर ठेवावी. नुसत्या बर्फात ती लवकर निवत नाही. 8 ते 10 अंश सेल्सिअस हे योग्य तापमान. वरचा कागद काढावा, अंगठा बुचावर दाबून ठेवावा आणि तारेची जाळी सैल करावी. बाटली तिरकी, कोणाच्याही तोंडाकडे न रोखता धरावी. बूच घट्ट पकडून बाटली फिरवावी. धमाका ही शोभा नव्हे, नुकसान आहे. सुस्काऱ्याएवढा आवाज झाला की काम नीट झाले. प्याले निमुळत्या तोंडाचे असावेत आणि साबणाचा अंश न राहील असे धुतलेले असावेत, कारण त्याने फेस मरतो. भरलेली मॅग्नम तीन किलोच्या आसपास भरते. एक हात बुडाशी व एक मानेखाली असे दोन्ही हात लावूनच ओतावे. प्रथम सर्वांना थोडी, फेस बसला की दुसऱ्या फेरीत उरलेली.

ही दोन फेऱ्यांची रीत आपल्याला परकी नाही. पंगतीत सर्वांची पाने वाढून झाल्याशिवाय कोणी घास उचलीत नाही. तसेच सर्वांचे प्याले भरल्याशिवाय कोणी प्याला उंचावू नये. न पिणाऱ्याच्या हाती कोकम सरबताचा प्याला त्याच मानाने असावा, आणि कोणालाही आग्रह नसावा. पंगतीचा आग्रह जिलबीपुरता ठीक.

शेवटची एक सूचना. राजभोजनांच्या वृत्तांतांत पाहुण्यांची नावे सापडतात, ओतणाऱ्यांची नाहीत; तळघरात बाटल्या फिरवणाऱ्यांचेही तसेच झाले. आपले बहुतेक पूर्वज या नगरीत आले ते तख्तावर बसण्यासाठी नव्हे. शिलेदारी, कारकुनी, पौरोहित्य, मुदपाकखाना अशी कामे करण्यासाठी आले. तेव्हा मॅग्नम बारा प्याल्यांची असली तरी पाहुणे दहाच धरावेत. उरलेले दोन प्याले ज्यांनी वाढले त्यांच्यासाठी राखावेत. आपल्याकडे वाढप्यांची पंगत शेवटी बसते, पण ती बसतेच.