पाद्री आणि फादर

आमच्या धर्मग्रामातील मुले मला 'फादर' म्हणतात; उत्तन-डोंगरीकडील वृद्ध माणसांच्या तोंडी मात्र आजही 'पाद्री' हाच शब्द आहे. लॅटिनमधील 'पातेर', इंग्रजीतील 'फादर' आणि आपला 'पितृ' ही एकाच कुळातील भावंडे. 'पाद्री' त्या लॅटिन शब्दाचाच वंशज. तरीही त्याच्यातला पिता कोठे हरवला?

'पाद्रे' हा शब्द इटालियन, स्पॅनिश व पोर्तुगीज या तिन्ही भाषांत आला. इटलीत तो जन्मदात्यालाही लागतो आणि संन्यस्त धर्मगुरूलाही. स्पॅनिशमध्ये त्याचे अनेकवचन केले की 'आईवडील' असा अर्थ होतो. जुन्या पोर्तुगीजमध्येही 'पाद्रे' म्हणजे बापच. परंतु बाळबोलीतून 'पाय' हे रूप घरोघर रुळले आणि 'पाद्रे' हळूहळू धर्मगुरूपुरता उरला. प्रभूच्या प्रार्थनेच्या 'पाद्रे-नोस्सु' या नावात तेवढी जुनी खूण राहिली आहे. (आपल्याकडे 'पाद्रे'ऐवजी 'पाय' आला असता, तर मराठी माणसाची केवढी पंचाईत झाली असती!)

1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने वसईचा प्रदेश पोर्तुगीजांच्या स्वाधीन केला. मराठ्यांनी 1739 साली वसई जिंकली, तोवर भाईंदर-उत्तनचा हा परिसर त्यांच्याच अमलाखाली होता. त्या काळात आपल्या पूर्वजांच्या कानी हा शब्द पडला तो केवळ एक पदवी म्हणून. 1580 साली जेझुइट धर्मगुरू अकबराच्या दरबारी पोहोचले, तेथील फार्सीतही ते 'पादरी'च झाले. पुढे इंग्रजांनी हा शब्द हिंदुस्थानातच उचलला. ब्रिटिश सैन्यात कोणत्याही पंथाच्या धर्मगुरूला आजही 'पाद्रे' म्हणतात.

एकोणिसाव्या शतकात मराठीत प्रॉटेस्टंट मिशनरीही 'पाद्री' ठरले आणि धर्मांतराच्या वादांत या शब्दाला एक कडवट छटा चढली. एखाद्या कचेरीत कोणी 'पाद्री' असा उल्लेख केला की मीही क्षणभर सावध होतो, हे कबूल केले पाहिजे. बोलणाऱ्याच्या मनात तसे काही नसतेही.

'फादर' आपल्याकडे रूढ झाला तो इंग्रजी शाळांबरोबर. 1928 साली पोर्तुगीज आश्रयाखालील दमण धर्मप्रांताचा येथील भाग मुंबईला जोडला गेला, त्यानंतर जुन्या पोर्तुगीज वळणाचा जोर ओसरत गेला, असे मला वाटते.

डोंगरीच्या एका आजींना मी हा सारा इतिहास सांगितला, आणि 'पाद्री' म्हणजे मुळात बापच, असेही म्हटले. त्यांना ते मुळीच पटले नाही. "पाद्री म्हणजे पाद्री," त्या म्हणाल्या, "बाप वेगळा."