पहिली गाडी

मध्यमवर्गीय घरात पहिली गाडी येण्याचा इतिहास मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यापासून सांगावा लागतो. तिथे तयार होणारी फियाट पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. इंजिन 1089 सीसी, गिअर स्टिअरिंगपाशी. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची, ही तेव्हाची रीत. निवडीचा प्रश्नच फारसा नव्हता.

14 डिसेंबर 1983 रोजी हे बदलले. इंदिरा गांधींनी मारुती 800 ची पहिली किल्ली दिल्लीच्या एका ग्राहकाच्या हाती दिली. किंमत सुमारे 47,500 रुपये. सुझुकीच्या आराखड्यावर गुडगावात बनलेल्या या गाडीत तीन सिलिंडरांचे 796 सीसी इंजिन होते, आणि ते पुढची चाके फिरवत असे. अवजड क्लचची सवय असलेल्या पायांना हा केवढा दिलासा! हलकी, कमी पेट्रोल पिणारी, अरुंद गल्लीतही वळणारी. नवशिक्यांसाठी इतकी योग्य गाडी भारताने त्याआधी पाहिली नव्हती.

2009 मध्ये टाटांची नॅनो आली. लाखभराची किंमत गाजली, पण ग्राहक मारुतीइतके मिळाले नाहीत.

मारुती 800 भारतात पंचवीस लाखांहून अधिक विकली गेली. तिचे उत्पादन जानेवारी 2014 मध्ये थांबले.