शमुवेलाचा सामाजी

देहूस इंद्रायणीच्या कांठीं बोल्होबांच्या घरीं तीन मुलगे वाढले. थोरले सावजी, मधले तुकाराम आणि धाकटे कान्होबा. सावजी विरक्त होऊन घर सोडून गेले. तुकारामांचें नांव महाराष्ट्राच्या घराघरांत पोंचलें. पण तें नांव तरी लोकांनीं जसेंच्या तसें कोठें ठेविलें? तुकारामांचे तुकोबा झाले, आणि अभंगाच्या शेवटीं तर स्वतः त्यांनींच नुसतें 'तुका' एवढेंच ठेविलें. यांत एक मौज आहे. तुकाराम या नांवांतला 'राम' हा देवाचा अंश. नेमका तोच गळाला आणि त्याच्या जागीं 'बा' हा मायेचा प्रत्यय येऊन बसला. म्हणून भक्ति उणी झाली असें मात्र कोणी म्हणणार नाहीं.

देहूपासून कांहीं कोसांवर चाकण आहे. तेथील संताजी जगनाडे हे जातीनें तेली, तुकोबांचे टाळकरी व त्यांच्या अभंगांचे लेखनिक. त्यांची समाधि जवळच सुदुंबऱ्यास आहे. सावजी, संताजी असा नांवास 'जी' लावण्याचा मावळांतला प्रघात सह्याद्रीच्या पलीकडे कोंकणांतही होता. तेथेंही तेली होते, आणि त्यांच्यांतल्या कांहींचीं नांवें सामाजी, हसाजी, आबाजी अशीं असत. चाकणच्या एखाद्या तेल्यास अलिबागेकडचा सामाजी तेली भेटता, तर त्याच्या नांवांत त्याला वावगें असें कांहींच वाटलें नसतें. शनिवारीं तुझा घाणा बंद कां, एवढें मात्र त्यानें विचारलें असतें.

शनिवारीं घाणा बंद ठेवणारे हे तेली म्हणजे बेने इस्राएल, महाराष्ट्रांतले मराठीभाषी यहुदी. शेजारी त्यांस 'शनिवार तेली' म्हणत. त्यांच्या परंपरेप्रमाणें त्यांच्या पूर्वजांचें गलबत अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्यानजीक फुटलें आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. हें केव्हां घडलें याविषयीं विद्वानांचें एकमत नाहीं. निश्चित एवढेंच कीं, पिढ्यानुपिढ्या दूर राहिल्यामुळें त्यांची हिब्रू भाषा मागें पडली आणि धर्मग्रंथही जवळ उरले नाहींत. शनिवारचा विसावा, आठव्या दिवशींची सुंता, खाण्यापिण्याचे कांहीं निर्बंध आणि 'शेमा' या प्रार्थनेचा आरंभ, इतकी शिदोरी उरली. जन्म असो, विवाह असो, मरण असो, हे लोक शेमाच म्हणत. 'शेमा' याचा अर्थ 'ऐक'.

या शिदोरींत आणखी एक वस्तु होती, आणि ती म्हणजे नांवें. अब्राहामाचा आबाजी झाला, यहेज्केलाचा हसाजी, इसहाकाचा इसाजी. शमुवेलाचा सामाजी झाला तो याच रीतीनें.

शमुवेल हा बायबलांतला मोठा संदेष्टा. त्याची आई हन्ना बरींच वर्षें अपत्यहीन होती. शिलो येथील देवस्थानीं ती ओठ हालवीत मुक्यानेंच प्रार्थना करीत होती. तेथील वृद्ध याजक एली याला वाटलें कीं ही बाई मद्य प्याली आहे. पुढें तिला मुलगा झाला, आणि परमेश्वराजवळ मागून घेतला म्हणून तिनें त्याचें नांव शमुवेल ठेविलें असें ग्रंथांत सांगितलें आहे. येथें व्याकरणाची अडचण उभी राहते. 'मागणें' या अर्थाचा हिब्रू धातु 'शाअल'. त्यापासून शौल हें नांव सरळ निघतें, शमुवेल निघत नाहीं. गंमत अशी कीं, शौल हा इस्राएलांचा पहिला राजा, आणि त्याला राज्याभिषेक करणारा हाच शमुवेल. म्हणून कांहीं अभ्यासकांचा तर्क असा कीं, ही जन्मकथा मुळांत शौलाची असावी. लोकांच्या तोंडीं मात्र दुसरा अर्थ रुळला: 'शामा' म्हणजे ऐकणें, 'एल' म्हणजे देव, तेव्हां 'देवानें ऐकिलेला'. पंडित बहुधा 'शेम' म्हणजे नांव, यावरून 'देवाचें नांव' असा अर्थ करतात. व्याकरणाचा कौल पंडितांच्या बाजूनें पडतो. तरी आईच्या मनांतला अर्थ 'देवानें ऐकिलें' हाच असणार, आणि मुलाचें नांव ठेवतांना व्याकरणाला कोण विचारतो?

अर्थ कोणताही घ्या, 'एल' हा देवाचा अंश दोहोंतही आहे. दानिएल, यहेज्केल, मीखाएल आणि खुद्द इस्राएल, या सर्व नांवांच्या शेवटीं तोच आहे; जसा आपल्याकडे राम किंवा नाथ असतो. सामाजी होतांना हा 'एल' गळाला, 'श'चा 'स' झाला आणि 'जी' येऊन जोडला. देहूस तुकारामाचा जो तुकोबा झाला, तोच हा व्यापार. इंग्रजांनींही सॅम्युअलचा सॅम करतांना देवाला असाच निरोप दिला. पण सॅम ऐकून कोणी त्याच्या धर्माविषयीं शंका घेत नाहीं. सामाजी हें नांव ऐकून मात्र हे लोक आपला वंश विसरून गेले असें अनुमान काढण्यांत आलें, हा न्याय कांहीं बरोबर नव्हे. नांव मराठी वळणाचें झालें, मुळापासून तुटलें नाहीं. तुटलें असतें तर सामाजीचा पुन्हां शमुवेल करतां आला नसता.

या नांवाचा सर्वांत प्रसिद्ध धनी म्हणजे सामाजी हसाजी दिवेकर. हा कंपनी सरकारच्या मुंबईच्या पलटणींतला देशी अधिकारी. १७८० ते १७८४ च्या म्हैसूरच्या युद्धांत तो टिपूच्या कैदेंत सांपडला. बेने इस्राएलांची परंपरा सांगते कीं, कैद्यांना जात व धर्म विचारला तेव्हां त्यानें 'बेने इस्राएल' असें उत्तर दिलें. तें ऐकून टिपूच्या आईनें, ज्या लोकांचा उल्लेख कुराणांत आहे त्यांस मारूं नये, असें म्हटलें, आणि त्याचे प्राण वांचले. आख्यायिकेचा भाग सोडून दिला तरी एक गोष्ट उघड आहे: त्याचें नांव सामाजी होतें आणि त्या नांवानें त्याची ओळख पटण्याजोगी नव्हती. शिवाजीमहाराजांच्या पदरींही आबाजी सोनदेव होतेच. सुटून आल्यावर सामाजीनें १७९६ सालीं मुंबईंत बेने इस्राएलांचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधिलें. त्याचें हिब्रू नांव 'शाअर हारहमीम', म्हणजे दयेचें द्वार. बोलण्यांत मात्र हे लोक त्याला मशीदच म्हणत. जवळच्या रस्त्यास या सामाजीचेंच नांव मिळालें, पण तें इंग्रजी होऊन: सॅम्युअल स्ट्रीट.

एकोणिसाव्या शतकांत वारें पालटलें. कोचीनच्या यहुद्यांनीं धर्मविधि शिकविले. मिशनऱ्यांनीं शाळा काढल्या. जॉन विल्सन यांनीं १८३२ त मराठींतून हिब्रूचें व्याकरण छापलें. पुण्यास १८७४ मध्यें वल्हांडणाच्या सणाची पोथी हिब्रू व मराठी अशा दोन्ही भाषांत निघाली. १८८० च्या सुमारास तर बेने इस्राएल मंडळी अब्राहाम, योसेफ यांच्या कथांवर मराठी कीर्तनें करूं लागली. देहूचा वारसा असा दूरवर पोंचला. या काळांत सामाजी मागें पडून सॅम्युअल पुढें आला. मूळ हिब्रू उच्चार 'श्मुएल'. मराठी बायबलांत 'शमुवेल' होता. तरी घरोघर शिरला तो इंग्रजांचा सॅम्युअल, कारण शाळा, कचेरी आणि पलटण यांत तोच चाले. या समाजाचा इतिहास लिहिणारे दोन प्रमुख लेखक, हाईम सॅम्युअल किहीमकर आणि शेलीम सॅम्युअल. दोघांच्याही नांवांत तें आहेच.

जगांत इतरत्रही या नांवाचा प्रवास थोडा नाहीं. इस्लामपूर्व अरबस्तानांत समौअल नांवाचा यहुदी कवि वचनास इतका जागला कीं, त्याची निष्ठा अरबींत म्हण होऊन राहिली. दहाव्या शतकाच्या अखेरीस बल्गेरियाचा ख्रिस्ती राजा या नांवाचा होता. इंग्लंडांत धर्मसुधारणेनंतर जुन्या करारांतलीं नांवें ठेवण्याची हौस वाढली, तेव्हां पीप्स आणि जॉन्सन हे दोन सॅम्युअल झाले.

१९४८ त इस्राएल राष्ट्र झाल्यावर बेने इस्राएलांपैकीं बहुसंख्य लोक हळूहळू तिकडे गेले. तेथें १९६१ च्या सुमारास धर्माधिकाऱ्यांनीं त्यांच्या विवाहाविषयीं शंका काढली: यांच्या पूर्वजांनीं विवाह व घटस्फोट यहुदी शास्त्राप्रमाणें केले होते कीं नाहीं, याची पिढ्यांमागें जाऊन चौकशी व्हावी. ज्यांनीं ग्रंथ नसतां शनिवार पाळला, त्यांना हें फार लागलें. निदर्शनें झालीं, आणि १९६४ त तेथील लोकसभेनें हे लोक सर्व अर्थीं यहुदी असल्याचें जाहीर केलें. त्या राष्ट्रांत सॅम्युअलचा पुन्हां श्मुएल झाला. पण लाडानें हांक मारतांना तेथेंही 'श्मुलिक' म्हणतात. 'एल' मधला 'ए' तेथेंही गळतोच.