नकाशा की करारपत्र? अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडा-कॉन्फरन्सची पुनर्रचना आणि तिच्याविषयीचे अंदाज : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रास्ताविक

अमेरिकेतील विद्यापीठांच्या क्रीडाजीवनात 'कॉन्फरन्स' या संस्थेला मध्यवर्ती स्थान आहे. काही विद्यापीठांनी स्वेच्छेने एकत्र येऊन स्थापन केलेले क्रीडामंडळ म्हणजे कॉन्फरन्स. सभासद विद्यापीठांचे संघ दरवर्षी परस्परांशी खेळतात, खेळाडूंच्या पात्रतेचे नियम एकत्रितपणे ठरवितात आणि मिळालेले उत्पन्न वाटून घेतात. भारतातील आंतरविद्यापीठीय स्पर्धा पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण अशा विभागांनुसार भरतात; विद्यापीठाला आपला विभाग निवडण्याची मुभा नसते. अमेरिकेत मात्र विद्यापीठ एक कॉन्फरन्स सोडून दुसरीत जाऊ शकते आणि कॉन्फरन्सही नवे सभासद घेऊ शकते. या स्थलांतरांनाच तेथे पुनर्रचना म्हणतात. पुढची पुनर्रचना कशी होईल याविषयी अंदाज बांधणे हा तेथील क्रीडापत्रकारांचा आणि माजी विद्यार्थ्यांचा जुना छंद आहे.

हे अंदाज सहसा नकाशा समोर ठेवून बांधले जातात. शेजारची विद्यापीठे कोणती, जुने प्रतिस्पर्धी कोण, कोणाचा फुटबॉल संघ बलवान, हे त्यांचे आधार असतात. गेल्या चार दशकांचा इतिहास पाहता यांपैकी एकही आधार निर्णायक ठरलेला दिसत नाही. निर्णायक ठरले ते प्रक्षेपणाचे करार. हा अधिकार नकाशाकडून करारपत्राकडे कसा गेला आणि त्या वाटेवर प्राध्यापकवर्ग कोठे मागे पडला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्राध्यापकांची कॉन्फरन्स

अमेरिकेतील पहिली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा म्हणजे हार्वर्ड आणि येल यांच्यातील १८५२ ची नौकाशर्यत. न्यू हॅम्पशायरमधील विनिपेसॉकी सरोवरावर झालेल्या या शर्यतीचा खर्च एका रेल्वे कंपनीने उचलला होता. प्रवासी मिळावेत हा तिचा हेतू होता. व्यापार हा महाविद्यालयीन खेळात मागाहून शिरलेला पाहुणा नाही, एवढे ध्यानात ठेवणे बरे.

या व्यापाराला लगाम घालण्यासाठीच कॉन्फरन्सचा जन्म झाला. जानेवारी १८९५ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स स्मार्ट यांच्या पुढाकाराने मध्यपश्चिमेतील सात विद्यापीठांचे अध्यक्ष शिकागो येथे भेटले. त्या काळी फुटबॉल संघांत पैसे देऊन आणलेले, वर्गात कधीही न दिसणारे खेळाडू सर्रास आढळत. खेळाडू हा खरोखरीचा पूर्णवेळ विद्यार्थी असावा आणि अभ्यासात मागे पडलेला नसावा, असे या बैठकीत ठरले. पुढील वर्षी या विद्यापीठांच्या प्राध्यापक-प्रतिनिधींनी कॉन्फरन्सची रीतसर स्थापना केली. लोकांच्या तोंडी तिचे नाव प्रथम 'वेस्टर्न कॉन्फरन्स' व पुढे 'बिग टेन' असे रुळले. तथापि तिचे अधिकृत नाव प्राध्यापक-प्रतिनिधींची आंतरमहाविद्यालयीन कॉन्फरन्स या अर्थाचे होते आणि ते १९८७ पर्यंत टिकले. नाव बदलले तेव्हा फारशी चर्चा झाली नाही, कारण नावातील आशय त्यापूर्वीच ओसरला होता.

प्राध्यापकवर्गाच्या भूमिकेचे सर्वांत ठळक उदाहरण शिकागो विद्यापीठाचे आहे. हे विद्यापीठ बिग टेनचे संस्थापक सभासद. हाइसमन पारितोषिकाचा पहिला मानकरी, जे बर्वांगर, १९३५ मध्ये याच विद्यापीठाने दिला. असे असूनही अध्यक्ष रॉबर्ट मेनार्ड हचिन्स यांनी १९३९ मध्ये तेथील फुटबॉल बंद केला आणि १९४६ मध्ये विद्यापीठ कॉन्फरन्समधून बाहेर पडले. विद्यापीठाच्या ज्ञानकीर्तीला यामुळे कोणताही बाधा आली नाही. पूर्वेकडील आठ विद्यापीठांनी १९५४ मध्ये आयव्ही लीगचा करार सर्व खेळांना लागू करून क्रीडा-शिष्यवृत्त्या नाकारल्या, तोही याच जातीचा निर्णय होता. आयव्ही लीगचे सभासद आजही तेच आठ आहेत. जिथे वाटून घ्यावयाची मोठी मिळकत नाही, तिथे पुनर्रचनेचा प्रश्नही उद्भवलेला नाही.

विस्तार आणि फूट

आज मोठ्या कॉन्फरन्सचे युग अटळ मानले जाते. इतिहास मात्र उलट दिशेचीही साक्ष देतो. १९२१ मध्ये स्थापन झालेली सदर्न कॉन्फरन्स वाढत वाढत २३ सभासदांपर्यंत गेली. सर्वांनी सर्वांशी खेळणे अशक्य झाले आणि डिसेंबर १९३२ मध्ये अ‍ॅपलेशियन पर्वतराजीच्या पश्चिमेकडील व दक्षिणेकडील १३ विद्यापीठांनी वेगळी होऊन साउथईस्टर्न कॉन्फरन्स स्थापन केली. उरलेल्यांतून १९५३ मध्ये आणखी सात बाहेर पडली. तीच अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स. आजच्या चार बलाढ्य कॉन्फरन्सपैकी दोन अशा प्रकारे फुटीतून जन्मल्या आहेत.

दूरच्या विद्यापीठांना एकत्र आणण्याची कल्पनाही नवी नाही. खेळाडूंना गैरमार्गाने पैसे दिल्याच्या प्रकरणांमुळे पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स १९५९ मध्ये विसर्जित झाली. त्या सुमारास पिट्सबर्ग विद्यापीठाचे क्रीडा संचालक टॉम हॅमिल्टन यांनी पश्चिम किनाऱ्यावरील विद्यापीठे, नोत्र दाम, पेन स्टेट, पिट्सबर्ग, सिराक्यूज आणि सेनादलांच्या तिन्ही अकादमी यांची देशव्यापी कॉन्फरन्स सुचविली. तिला 'एअरप्लेन कॉन्फरन्स' असे थट्टेचे नाव पडले. पेंटॅगॉनने अकादमींना परवानगी नाकारल्यामुळे ती कागदावरच राहिली.

जी प्रत्यक्षात उतरली तिची कथा अधिक बोधक आहे. वेस्टर्न अ‍ॅथलेटिक कॉन्फरन्सने १९९६ मध्ये आपली सभासदसंख्या १० वरून १६ वर नेली. तिचा पसारा हवाईपासून ओक्लाहोमा व टेक्सासपर्यंत होता. प्रवासखर्च वाढला, जुन्या प्रतिस्पर्ध्यांच्या गाठीभेटी तुटल्या आणि वाट्याला येणारी रक्कम मात्र १६ ठिकाणी विभागली जाऊ लागली. १९९८ मध्ये पाच विद्यापीठांच्या अध्यक्षांनी डेन्व्हरच्या विमानतळावर भेटून बाहेर पडण्याचे ठरविले. त्यांनी आणखी तिघांना सोबत घेतले आणि १९९९ मध्ये माउंटन वेस्ट कॉन्फरन्स सुरू झाली. सोळा जणांचा संसार जेमतेम तीन वर्षे टिकला.

१९८४ चा निकाल

नकाशाची सत्ता कायद्याने मोडली ती २७ जून १९८४ रोजी. तोपर्यंत महाविद्यालयीन फुटबॉलच्या प्रक्षेपणावर नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन, म्हणजेच एनसीएए, या देशव्यापी संस्थेचे नियंत्रण होते. तिच्या तत्कालीन योजनेनुसार कोणत्याही विद्यापीठाचे सामने दोन वर्षांत सहापेक्षा अधिक वेळा दाखविता येत नसत. ओक्लाहोमा व जॉर्जिया विद्यापीठांनी याविरुद्ध दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ही योजना मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग ठरविली. बहुमताचे निकालपत्र न्या. जॉन पॉल स्टीव्हन्स यांचे होते. भिन्नमत लिहिणारे न्या. बायरन व्हाइट हे स्वतः एकेकाळचे नामांकित फुटबॉलपटू. शैक्षणिक उद्दिष्टांसाठी अशा बंधनांची गरज असते, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढील घडामोडी पाहता अल्पमताची दूरदृष्टी अधिक होती, असे म्हणावे लागते.

निकालानंतर लगेच पैशाचा पूर आला नाही. सामने मुबलक झाल्याने आरंभी प्रक्षेपणाचे भाव उलट घसरले. पण हक्क विकण्याचा अधिकार विद्यापीठांकडे आणि पर्यायाने कॉन्फरन्सकडे आला, आणि कॉन्फरन्सचे स्वरूप नियामक मंडळाऐवजी विक्रेत्याचे झाले. पूर्वेकडील 'बिग ईस्ट'ने १९८२ मध्ये पेन स्टेटला प्रवेश नाकारला होता. आवश्यक सहाऐवजी पाचच मते पडली होती. बास्केटबॉलवर उभ्या असलेल्या त्या कॉन्फरन्सला तेव्हा फुटबॉलची किंमत कळली नाही. १९९० मध्ये बिग टेनने पेन स्टेटला घेतले. हा निर्णय अध्यक्षांच्या पातळीवर झाला. अकरा सभासद होऊनही 'टेन' हे नाव कायम राहिले, कारण नाव आता व्यापारचिन्ह बनले होते. साउथईस्टर्न कॉन्फरन्सने आर्कन्सॉ व साउथ कॅरोलायना यांना घेऊन सभासदसंख्या १२ केली आणि नियमांतील एका तरतुदीचा लाभ घेऊन १९९२ मध्ये विजेतेपदाचा स्वतंत्र सामना भरविला. एका जादा सामन्याचे प्रक्षेपणमूल्य सर्वांच्या लक्षात आले.

आर्कन्सॉच्या जाण्याने साउथवेस्ट कॉन्फरन्स केवळ टेक्सासपुरती उरली आणि १९९६ मध्ये संपली. तिच्या चार सभासदांनी 'बिग एट'शी मिळून 'बिग १२' घडविली. राइस, ह्यूस्टन, टेक्सास ख्रिश्चन आणि सदर्न मेथडिस्ट ही चार मागे राहिली. बेलरची निवड राज्यातील प्रभावशाली माजी विद्यार्थ्यांमुळे झाली, असे वारंवार सांगितले जाते. गव्हर्नर अ‍ॅन रिचर्ड्स आणि लेफ्टनंट गव्हर्नर बॉब बुलक हे दोघेही बेलरचे पदवीधर होते, हे खरे. यापलीकडे कार्यकारणभाव जोडताना सावधगिरी हवी. मागे राहिलेल्यांपैकी टेक्सास ख्रिश्चनला बिग १२ मध्ये प्रवेश मिळाला तो २०१२ मध्ये, ह्यूस्टनला २०२३ मध्ये. सदर्न मेथडिस्टने २०२४ मध्ये अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये प्रवेश केला तो नऊ वर्षे प्रक्षेपणाचा वाटा न घेण्याच्या अटीवर. राइस अद्याप बाहेरच आहे. एकदा रेषेबाहेर पडलेल्या विद्यापीठाला आत यायला किती वर्षे लागतात, याचे हे मोजमाप.

केबलची वर्गणी

२००७ मध्ये बिग टेनने स्वतःची दूरचित्रवाहिनी सुरू केली. तिचे अर्थकारण साधे होते : ज्या प्रदेशात कॉन्फरन्सचा सभासद आहे, तेथील केबलग्राहकांकडून, ते सामने पाहोत वा न पाहोत, दरमहा ठरावीक रक्कम मिळवायची. मेरीलँड व रटगर्स यांची निवड या गणितातून झाली, कारण एकामुळे वॉशिंग्टनची आणि दुसऱ्यामुळे न्यूयॉर्क परिसराची घरे हाती येत होती. मेरीलँड हे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचे संस्थापक सभासद. २०१२ मध्ये तुटीमुळे त्याला सात क्रीडासंघ बंद करावे लागले आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्याने स्थलांतर जाहीर केले. बाहेर पडण्याचा वाद अखेर ३ कोटी १४ लाख डॉलरांवर मिटला. या निर्णयाला लोभ म्हणणे सोपे आहे. बंद पडलेल्या संघांतील विद्यार्थ्यांच्या बाजूने पाहिल्यास तो तितका सोपा राहत नाही.

पॅसिफिक किनाऱ्यावर काय घडले ते सर्वज्ञात आहे. २०१० मध्ये टेक्सास-ओक्लाहोमाकडील सहा विद्यापीठे घेऊन १६ जणांची कॉन्फरन्स उभारण्याचा पॅक-१० चा बेत पत्रकारांनी जवळजवळ पूर्ण झाला असे मानले होते. आले ते एकटे कोलोरॅडो. पुढे यूटाही आले आणि पॅक-१२ बनली. २०२१ मध्ये टेक्सास व ओक्लाहोमा यांनी साउथईस्टर्नमध्ये जाण्याचे ठरविल्यावर बिग १२ कोसळणार, असाच सर्वांचा अंदाज होता. कोसळली पॅक-१२. ३० जून २०२२ रोजी सदर्न कॅलिफोर्निया व यूसीएलए यांनी बिग टेनची वाट धरली. ऑगस्ट २०२३ मध्ये नवा प्रक्षेपण करार जुळला नाही आणि एकाच दिवशी, ४ तारखेला, पाच विद्यापीठांनी स्थलांतर जाहीर केले. स्टॅनफर्ड व बर्कली ही पॅसिफिककाठची विद्यापीठे अटलांटिकच्या नावाच्या कॉन्फरन्समध्ये गेली. हॅमिल्टन यांची विमानांची कॉन्फरन्स ६५ वर्षांनी अशा रीतीने अवतरली. न्यू जर्सीतील रटगर्स आणि लॉस एंजेलिस यांत हवाई मार्गाने सुमारे ४,००० किलोमीटरचे अंतर आहे. फुटबॉल संघ हंगामात मोजक्या वेळा प्रवास करतो. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, टेनिस यांचे खेळाडू कितीतरी अधिक वेळा आणि वर्ग चालू असताना प्रवास करतात. ज्या करारासाठी हे घडले त्यात त्यांच्या खेळांचे मोल नगण्य आहे. ज्या प्राध्यापकांच्या तासाला हे विद्यार्थी अनुपस्थित असतात, त्यांचे मत निर्णयात कोठेच नव्हते.

पुलमन येथील वॉशिंग्टन स्टेट आणि कॉर्व्हालिस येथील ओरेगन स्टेट ही दोनच विद्यापीठे मागे राहिली. दोन्ही लहान गावांतील. त्यांचा क्रीडादर्जा एका रात्रीत घसरला नव्हता; त्यांच्याजवळ विकण्याजोगी मोठी बाजारपेठ नव्हती, इतकेच. न्यायालयात जाऊन त्यांनी कॉन्फरन्सच्या कारभाराचा ताबा मिळविला आणि नवे सभासद जमविले.

पुढील अंदाजाचा आधार

आता नवे अंदाज बांधले जात आहेत ते अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सविषयी. फ्लोरिडा स्टेट व क्लेमसन यांनी तिच्याशी न्यायालयात झुंज दिली. मार्च २०२५ मधील तडजोडीनुसार बाहेर पडण्याची किंमत २०२५-२६ मध्ये १६ कोटी ५० लाख डॉलर असून ती दरवर्षी १ कोटी ८० लाखांनी उतरत २०३०-३१ मध्ये ७ कोटी ५० लाखांवर स्थिरावते. बिग टेनचे प्रक्षेपण करार २०३० मध्ये संपतात, बिग १२ चे २०३१ मध्ये आणि फुटबॉलच्या राष्ट्रीय बाद फेरीचा करार २०३१-३२ च्या हंगामानंतर. साउथईस्टर्नचा करार त्यानंतर दोन-तीन वर्षांनी संपतो. या तारखा एकमेकींजवळ आल्या आहेत, हा योगायोग नव्हे. त्यातच जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे खेळाडूंना वर्षाला २ कोटी ५ लाख डॉलरांपर्यंत थेट देऊ लागली. त्यामुळे वाटा वाढवून घेण्याची निकड अधिकच तीव्र झाली आहे.

तेव्हा मोठी हालचाल २०३० च्या आगेमागे होईल, हा अंदाज बराच भक्कम आहे. ती कोणत्या दिशेने होईल हे सांगणे कठीण. दोन कॉन्फरन्समध्ये सर्व बलाढ्य संघ सामावतील, असे बहुसंख्य भाष्यकार मानतात. १९३२ व १९९८ चे दाखले पाहता दुसरीही शक्यता उरते : १८ सभासदांच्या कॉन्फरन्समध्ये सर्वाधिक प्रेक्षक खेचणारी सहा-सात विद्यापीठे समान वाटणीला नकार देतील, किंवा फुटबॉल तेवढा वेगळा काढून उरलेले खेळ पुन्हा शेजाऱ्यांशी खेळले जातील. नोत्र दामचा फुटबॉल संघ स्वतंत्र आहे आणि त्याचे बहुतेक अन्य संघ अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये खेळतात; म्हणजे ही व्यवस्था अपरिचित नाही. तसे झाल्यास पुलमनच्या टेनिसपटूला सिअ‍ॅटलशी खेळण्यासाठी बसचा प्रवास पुरेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला वर्गात बसता येईल.