चिमूटभर मीठ, मूठभर गूळ

चर्चच्या जुन्या दफन-नोंदवह्या चाळताना मन विषण्ण होते. पावसाळ्याची पाने उलटावीत, तर एकामागून एक बालकांची नावे. कुणाचे वय दहा महिने, कुणाचे दीड वर्ष. काही नावांपुढे आपल्या पूर्वसूरी धर्मगुरूंनी ‘जुलाब’ एवढा एकच शब्द लिहून ठेवला आहे. ज्यांचा स्नानसंस्कार नुकताच झाला, त्यांचेच दफन करण्याचा प्रसंग त्यांच्यावर ओढवत असे. त्या काळी हा दैवाचा घाला मानला जाई. परंतु ज्या व्याधीचा उतारा प्रत्येक घराच्या चुलीपाशी होता, तिच्यापुढे माणूस इतकी वर्षे हतबल का राहिला? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला बंगालच्या भूमीकडे वळावे लागते.

जुलाबात बालकाचा प्राण घेते ती जंतूंपेक्षाही शरीरातील पाण्याची आणि क्षारांची हानी. डोळे खोल जातात, टाळू आत ओढली जाते, रडताना अश्रू येत नाहीत आणि काही तासांतच कोवळा जीव मावळतो. शिरेतून सलाईन दिल्यास रुग्ण वाचतो, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक होते, स्कॉटलंडमध्ये डॉ. थॉमस लाटा यांनी 1832 सालीच पटकीच्या रुग्णांवर तसा प्रयोग केला होता. पण सलाईनला सुई हवी, निर्जंतुक बाटली हवी, जाणता डॉक्टर हवा. खेड्यातील मातेजवळ यांपैकी काय असणार? नुसते पाणी पाजावे, तर रोगग्रस्त आतडे ते पुरेसे शोषून घेत नाही. उलट ‘पाणी दिले की जुलाब वाढतात’ या समजुतीने तहानेने व्याकुळ झालेल्या लेकराचे पाणीच तोडले जाई.

कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी 1953 साली मीठ-साखरेचे पाणी तोंडावाटे देऊन पटकीचे रुग्ण बरे केल्याचे ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. पण त्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. पुढे 1960 साली रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने त्यामागील कारण उलगडले. आतड्याच्या अस्तरात एक असे द्वार आहे, ज्यातून मिठातील सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत शिरतात आणि त्यांच्यामागून पाणीही आत ओढले जाते. जुलाब चालू असतानाही हे द्वार बंद होत नाही. 1968 साली ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या तरुण डॉक्टरांनी रुग्णांवर त्याची खात्री करून घेतली, तेव्हा सलाईनची गरज मोठ्या प्रमाणावर कमी झाल्याचे आढळले.

तरीही शंका उरलीच. रुग्णालयात जमले ते चिखलात, गर्दीत, अशिक्षितांच्या हातून जमेल काय? याचे उत्तर 1971 साली मिळाले. बांगलादेशच्या मुक्तिलढ्यात लक्षावधी निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगाव येथे पटकीचा उद्रेक झाला. डॉ. दिलीप महालनबीस तेथे पोहोचले, तेव्हा रुग्ण जमिनीवर पडले होते आणि त्यांना सलाईन लावण्यासाठी विष्ठा-वांतीने भरलेल्या फरशीवर गुडघे टेकावे लागत. लवकरच सलाईनचा साठा संपत आला. तेव्हा त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या बांधून घेतल्या, पिंपांतील पाण्यात ते मिश्रण विरघळवले आणि पेल्यापेल्याने ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातलगांकडे सोपवले. एरवी शंभरातील तीस रुग्ण दगावत. येथे ते प्रमाण चारच्याही खाली आले. शिकलेल्यांनी ज्यांच्यावर विश्वास ठेवला नव्हता, त्याच आयाबहिणींनी हा विजय मिळवला. डॉ. महालनबीस 2022 साली निवर्तले. 2023 साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

या इतिहासाचा उत्तरार्ध मला अधिक बोधप्रद वाटतो. औषध सिद्ध झाले. पण ते घरोघरी न्यायचे कुणी? फझले हसन आबेद यांच्या ‘ब्रॅक’ या संस्थेने 1980 पासून दहा वर्षे बांगलादेशातील खेडी पायी पालथी घातली. तिच्या स्वयंसेविका दारोदारी जात आणि तीन बोटांच्या चिमटीत मावेल एवढे मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी यांचे मिश्रण मातेकडूनच करवून घेत. नुसते भाषण करून त्या निघून जात नसत. महिन्याभराने तपासनीस येऊन त्या मातेला किती आठवते ते पाहत, आणि त्यावरच स्वयंसेविकेचे वेतन ठरे. आरंभी मातांनी ऐकून घेतले, पण ते पाणी मुलांना पाजले मात्र नाही. कारण खुद्द शिकवणाऱ्यांचाच त्यावर पुरता विश्वास नव्हता. तो विश्वास बसल्यावर, गावच्या पुरुषांनाही विषय समजावल्यावर, चित्र पालटले. एक कोटी वीस लाखांहून अधिक घरांपर्यंत हे ज्ञान पोहोचले. आपण धर्मशिक्षण देणाऱ्यांनीही हे ध्यानी घ्यावे: ज्यावर स्वतःचा विश्वास नाही, ते दुसऱ्याच्या अंतःकरणात रुजत नाही.

1980 च्या सुमारास जगभरात दरवर्षी पाच वर्षांखालील चाळीस लाखांहून अधिक बालके अतिसाराने दगावत. आज ती संख्या साडेचार लाखांच्या आसपास आली आहे. हे यश मोठे खरे. परंतु टाळता येण्याजोगे साडेचार लाख मृत्यू ही काही समाधानाची बाब नव्हे. जलसंजीवनी प्राण वाचवते, रोग अडवत नाही. तो अडवायचा तर पहिले सहा महिने निव्वळ आईचे दूध, उकळलेले किंवा शुद्ध केलेले पाणी, शौचानंतर आणि घास भरवण्यापूर्वी साबणाने धुतलेले हात, शौचालयाचा वापर आणि रोटाव्हायरसची लस एवढे हवेच. ही लस भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात 2016 पासून टप्प्याटप्प्याने आली असून सरकारी केंद्रांत ती विनामूल्य मिळते.

इतके करूनही जुलाब लागलेच, तर ‘दात येताना व्हायचेच’ म्हणून स्वस्थ बसू नये. जलसंजीवनीचे पाकीट त्यावर छापलेल्या मापाच्याच स्वच्छ पाण्यात विरघळवून घोटघोट पाजावे. अंदाजाने मीठ वाढवणे घातक ठरते. अंगावरचे दूध आणि नेहमीचे अन्न बंद करू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंकच्या गोळ्या द्याव्यात. शौचात रक्त दिसले, मूल सुस्तावले किंवा पाणीही पिईनासे झाले, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

लहानग्यास दिलेला पेलाभर थंड पाणीही व्यर्थ जात नाही, असे प्रभूने आश्वासन दिले आहे. त्या पाण्यात किती मीठ आणि किती साखर घालावी, हे जाणून घेणे हेही आपल्या प्रीतीचेच अंग आहे. पुढच्या पिढीतील धर्मगुरू आपल्या काळच्या नोंदवह्या उघडतील, तेव्हा पावसाळ्याच्या पानांवर त्यांना बालकांची नावे सापडू नयेत, एवढे आपल्या हाती निश्चित आहे.