देवळाची कवायत

तुळजाभवानीच्या एखाद्या पुजाऱ्यावर मंदिरबंदीची कारवाई झाली की बातमीत हमखास एक नाव येतं: 'देऊल-ए-कवायत कायदा, १९०९'. निजामाच्या अमदानीतली ही नियमावली. नाव मोठं मजेशीर आहे. 'देऊल' आपलं, देवकुलातून आलेलं, मधला 'ए' फारसी, 'कवायत' अरबी. शाळेच्या मैदानावर दाहिने-बाएं करत घाम गाळलेल्याला वाटावं, देवळात कसली कवायत? पण अरबीत 'कायदा'चं अनेकवचन 'कवाइद'. फौजेच्या हालचालींचे नियम तेही कवाइदच. महादजी शिंद्यांसारख्यांच्या कवायती पलटणींबरोबर शब्द मराठीत रुळला आणि नियम मागे पडून नुसती पावलं उरली. उर्दू दफ्तरात मात्र तो जुन्याच अर्थानं नांदला. म्हणजे त्यापुढे आपण 'कायदा' लावतो तो पिवळा पीतांबरच. शिवाय फारसीत मालक मागून येतो: शेर-ए-पंजाब म्हणजे पंजाबचा सिंह. त्या हिशेबानं 'कवाइद-ए-देऊल' हवं. आपण देऊळ आधी ठेवलं. ठेवलं ते बरंच केलं म्हणा, तुळजापुरात दुसरं काय पुढे असणार?

कचेरीतला खरा मुरलेला शब्द 'वकील'. मूळ अर्थ, ज्याच्यावर काम सोपवलं तो. १६५९ साली अफझलखान आणि शिवाजीमहाराज यांच्यात बोलणी केली ती वकिलांनीच. खानाकडून कृष्णाजी भास्कर, महाराजांकडून पंताजी गोपीनाथ. कोर्टाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. वकील म्हणजे राजदूत. १७९२ मध्ये महादजींनी पेशव्यांसाठी पुण्यात आणलेली 'वकील-ए-मुतलक' ही पदवी तर बादशहाच्या सर्वाधिकारी प्रतिनिधीची. काळा डगला या शब्दावर चढला तो इंग्रजी अमलात.

वकिलाची जोडी 'अशील'. हिंदीत त्याला मुवक्किल म्हणतात, काम सोपवणारा. मराठीनं वेगळा शब्द उचलला. अरबी 'असील' म्हणजे मूळचा, खुद्द. उत्तरेकडच्या समन्समध्ये 'असालतन या वकालतन' हजर राहा असं लिहीत, म्हणजे जातीनं या नाहीतर वकील पाठवा. अस्सल, अशील आणि झुंजीचा असील कोंबडा ही सख्खी भावंडं. कोर्टाच्या व्हरांड्यात तारखेसाठी ताटकळणाऱ्याकडे पाहून हे खरं वाटत नाही, पण भाषेच्या लेखी तोच खुद्द, वकील त्याचा बदली माणूस.

हे शब्द अंगाखांद्यावर वागवत उभी हयात काढलेला मराठी माणूस म्हणजे केशवराव कोरटकर (१८६७–१९३२). गुलबर्ग्यात त्यांनी वकिली केली. तुळजापूर ज्यात येतं तो आजचा धाराशिव जिल्हा तेव्हा नळदुर्ग, पुढे उस्मानाबाद या नावानं त्याच गुलबर्गा सुभ्यात मोडत होता. पुढे ते हैदराबादेत गेले, हायकोर्टाचे न्यायाधीश झाले, आर्य समाजाचे आणि संस्थानातल्या सार्वजनिक चळवळींचे पुढारी झाले. विवेकवर्धिनी शाळेच्या उभारणीतही त्यांचा हात होता. घरी मराठी, कोर्टात उर्दू. मुंबईत १८९३ साली रानडे हायकोर्टावर गेले आणि मराठीनं त्यांना 'न्यायमूर्ती' करून जवळजवळ देव्हाऱ्यात बसवलं. हैदराबादच्या हायकोर्टाचा मुख्य न्यायाधीश मात्र 'मीर मजलिस', बैठकीचा म्होरक्या. मला दुसरा शब्द अधिक माणसाळलेला वाटतो. मूर्तीशी हुज्जत घालता येत नाही, बैठकीत घालता येते.

खालच्या पायरीवर होता 'मुन्सिफ'. 'निस्फ' म्हणजे निम्मा. दोन्ही पक्षांना सारखं माप घालणं तो इन्साफ, आणि घालणारा तो मुन्सिफ. हे पद आपल्याकडून गेलं, त्या जागी आता 'दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर' अशी लांबलचक पाटी आहे. पण देवस्थानच्या इनामी जमिनीचा दावा निघाला की 'खिदमतमाश' बाहेर येतं, म्हणजे सेवेपोटी दिलेली जमीन. मग 'मुंतखब' काढा म्हणतात. निजामाच्या इनाम चौकशीचा तो उतारा. कागद उर्दूत. वकील एलएल. बी. असतो, अशील सातबारा घेऊन आलेला असतो, आणि दोघं मिळून उर्दू वाचणारा कुणी म्हातारा मिळतो का ते शोधू लागतात.